बेबीनंदाचा दीड तास

बेबीनंदा हिवाळेच्या हाताबद्दल पिंपळगाव रेणुकाईत दुमत नव्हतं. मिरचीची मिटलेली कळी ती चिमट्यानं अशी उघडायची की कळीला कळायचंही नाही. आतल्या परागाच्या पिशव्या अलगद काढून टाकायच्या, मधली नाजूक काडी तशीच उभी ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या टोकावर दुसऱ्या जातीच्या फुलाची पावडर टेकवायची. मग देठाला लाल दोऱ्याची गाठ. एवढं जमलं की त्या कळीची मिरची होते आणि मिरचीत बियाणे कंपनीला हवं ते संकरित बी भरतं. नाही जमलं, तर कळी दोऱ्यासकट गळून खाली पडते. भोकरदन तालुक्यात याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. बाकीच्या बाया दिवसाला सात-आठशे कळ्या करायच्या. बेबीनंदा अकराशे करायची, आणि तोंडही तेवढंच चालू ठेवायची.

वय चव्वेचाळीस, शिक्षण सातवी. आई-बापांनी नुसतंच बेबी म्हणून हाक मारली होती. शाळेत नाव घालताना गुरुजींना ते अर्धवट वाटलं, म्हणून त्यांनी पुढं नंदा जोडलं. नवरा तातेराव पिंपळगाव ते भोकरदन काळीपिवळी जीप चालवायचा. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी गावात पहिलं शेडनेट उभं राहिलं, तेव्हा ती तिथं खुरपायला गेली आणि चिमटा हातात घेऊन बाहेर आली. आता तिच्या हाताखाली चौदा बाया होत्या.

त्या वर्षीचा हंगाम संपता संपता जालन्याच्या कंपनीतली गंधाली गावात आली. नवीन जालन्यातल्या ऑफिसात बसणारी, सत्तावीस वर्षांची, बियाण्याचं शास्त्र शिकलेली मुलगी. बेबीनंदाच्या ओट्यावर बसून तिनं चहा संपवला आणि सरळ विचारलं,

"मावशी, थायलंडला याल का? बँकॉकच्या पुढं आमच्या जोडीदार कंपनीचं शिवार आहे. तिथल्या बायकांच्या कळ्या फार गळतात. कोणाला कारण सापडत नाही. नऊ दिवस लागतील."

बेबीनंदानं आधी मागं वळून पाहिलं. मागं भिंत होती.

"मी?"

"तुम्हीच."

"अवो ताई, मला त्यांची भाषा कुठं येती?"

"मिरचीची येते ना? बाकीचं मी बघते."

शेजारची उषाबाई कुडापलीकडून ऐकतच होती. तिथूनच ओरडली, "जाय गं! मी तुझ्या कोंबड्या पाहते!"

पासपोर्ट झाला. चौकशीला आलेल्या पोलिसानं कागद पाहून विचारलं, "बेबी कोण?" बेबीनंदा म्हणाली, "मीच." त्यानं तिच्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि हसू दाबत सही केली.

जानेवारीत गंधालीचा मेसेज आला. तातेरावानं जीप दारात उभी केली, चष्मा लावला आणि जमलेल्या मंडळींना तो मोठ्यानं वाचून दाखवला. मुंबईहून साडेअकराला निघायचं, बँकॉकला सव्वापाचला पोहोचायचं. येताना बँकॉकहून सकाळी दहाला निघायचं, मुंबईत दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी उतरायचं. वाचून झाल्यावर तातेरावानं चष्मा वर सरकवला. बोटांवर काहीतरी मोजलं. पुन्हा मोजलं.

"जाताना पावणेसहा तास," तो म्हणाला. "आन येताना तीन तास धा मिनिटं. रस्ता तर एकच हाय."

"चढ असंल जाताना," कोणीतरी म्हणालं.

"आभाळात कुठला आला चढ?" अप्पाराव म्हणाले. ते एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. वाहनांच्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांचा. "जाताना टाकी फुल असती. वजन पडतंय. येताना हलकं हून पळतंय."

"तसं काई न्हाई," उषाबाई म्हणाली. "माहेरावून सासरी निघाले की माझाबी रस्ता दुप्पट हुतो. माहेराला जायला येळ लागत नसतो."

हे सगळ्यांना पटलं, पण तातेरावाला झोप येईना असा तो प्रश्न होता. त्यानं गंधालीलाच फोन लावला आणि स्पीकर चालू केला. गंधाली म्हणाली, "काका, अंतर तीन हजार किलोमीटर. विमान खरं तर सव्वाचार तासांत जातं. येताना वारा समोरून असतो, म्हणून उलट थोडा जास्तच वेळ लागतो. पण तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढं आहे ना. जाताना दीड तास जातो, येताना परत मिळतो."

फोन ठेवल्यावर तातेरावानं नवा हिशोब मांडला. "ताशी सातशे किलोमीटर! मला हे तीन हजार पाडायला पंचवीस दिवस लागतेत. सवारी भरायची वाट पाहायची ती येगळी."

बेबीनंदाचं मन मात्र त्या दीड तासात अडकलं होतं. दीड तास म्हणजे दोनशे कळ्या.

"जातो म्हंजे कुठं जातो वो?" तिनं विचारलं.

"आता ते मला काय माहीत?"

"आन परत भेटतो ते बराबर?"

"बिलकुल बराबर. ताई म्हन्ल्या ना."

दोनशे कळ्यांचा वेळ परमुलखात ठेवायचा आणि येताना उचलून आणायचा! तिला एकाएकी इतकं हसू आलं की पदर तोंडात कोंबावा लागला. त्या दिवसापासून जायच्या दिवसापर्यंत ते हसू तिच्या पोटात तसंच राहिलं. भाकरी थापताना यायचं, कपडे वाळत घालताना यायचं.

मुंबईच्या विमानतळावर ते पहिल्यांदा थांबलं. मोठी बॅग आधीच आत गेली होती. खांद्यावरची पिशवी यंत्रातून गेली आणि खाकी कपड्यातल्या बाईनं ती उघडून आतला चिमटा बाहेर काढला. एकोणीस वर्षांचा चिमटा. बेबीनंदाच्या बोटांनी घासून घासून त्याला मधोमध चमक आली होती. बॅगेत टाकला तर हरवेल म्हणून तिनं तो मुद्दाम जवळ ठेवला होता.

"हे काय आहे?"

"चिमटा, ताई. फुलाचा."

"टोकदार आहे. आत नेता येणार नाही."

गंधालीनं समजावून पाहिलं. त्या बाईनं चिमट्याचं टोक स्वतःच्या अंगठ्यावर टेकवलं आणि हात झटकला. तिथंच निकाल लागला. चिमटा एका प्लास्टिकच्या डब्यात पडला. त्यात आधीच चार कात्र्या, एक सुरी आणि कोणाचा तरी पेचकस होता.

"मावशी, तिथं नवे मिळतील," गंधाली म्हणाली.

"हो," बेबीनंदा म्हणाली. पण विमानात बसेपर्यंत तिचा हात पिशवीत चिमटा शोधत राहिला. हात मोकळा झाल्यासारखा वाटत होता, आणि ते तिला आवडत नव्हतं.

मग विमान धावायला लागलं. ते नुसतंच धावत होतं तोवर तिनं गंधालीचा हात घट्ट धरला होता. जमिनीवरून सुटलं तसा तिनं तो सोडला आणि खिडकीला नाक लावलं. पोटातलं हसू सरसरत वर आलं. इमारती काड्यापेट्या झाल्या, मग मोहरीचे दाणे झाले, मग ढगच आले.

समोरच्या खुर्चीच्या पाठीला एक पडदा होता. त्यावर नकाशा, नकाशावर छोटं विमान आणि खाली उरलेलं अंतर. आकडा सारखा उतरत होता. बेबीनंदानं दोन-तीन मिनिटं तो नीट पाहिला. पिंपळगाव ते भोकरदन पंधरा किलोमीटर. तातेरावाच्या जीपला पाऊण तास. तिनं मनगटावरच्या घड्याळात पाहिलं.

"ताई! सव्वा मिनिटात भोकरदन गेलं!"

"काय?"

"हे पाहा. पंधरा कमी झाले. गेलं भोकरदन! आता दुसरं भोकरदन चालू झालं."

गंधालीनंही पडद्याकडे पाहिलं. पंधरा उतरले. "दोन भोकरदन," ती म्हणाली. मग दोघींनी मिळून मोजायला सुरुवात केली. तीन भोकरदन. चार भोकरदन. बारावर गंधालीला उचकी लागली. अठरावर पलीकडच्या सीटवरचे टाय लावलेले गृहस्थ, ज्यांना मराठीचा गंध नसावा, मान डोलवत म्हणाले, "नाइन्टीन भोकरदन." बेबीनंदा हसता हसता इतकी वाकली की कपाळ पडद्यावर आपटलं आणि नकाशा जाऊन तिथं कोणतासा सिनेमा लागला.

बँकॉकला उतरल्यावर गंधालीच्या मोबाइलनं आपोआप सव्वापाच दाखवले. बेबीनंदाच्या मनगटावर पावणेचार होते. तिनं ते बदललं नाही. "आपलं घड्याळ पिंपळगावचं हाय," ती म्हणाली. "त्याला इथलं काय करायचं?"

त्याचा परिणाम दुसऱ्याच दिवशी दिसला. शिवाराजवळच्या पाहुण्यांच्या खोलीत तिला नेहमीच्या वेळेला जाग आली. घड्याळात सहाला पाच कमी. घरी या वेळी अंधार असतो. अजून चूल पेटायची असते. तिनं आळस देत दार उघडलं आणि उन्हाची तिरीप डोळ्यांत घुसली. सूर्य चांगला दोन हात वर आलेला. समोर उघडी गाडी उभी, गाडीत हॅट घातलेल्या वीस बाया, आणि सगळ्या तिच्याचकडे पाहत होत्या.

"अगं बाई! फुलं उमलून गेली असतील!"

साडी सावरत, वेणीचा शेपटा पाठीवर तसाच टाकून ती धावली. गंधाली गाडीपाशी हसत उभी होती. "मावशी, साडेसात वाजलेत. इथं."

बेबीनंदा चालता चालता थांबली. सूर्याकडे पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं. पुन्हा सूर्याकडे पाहिलं. आणि तिच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला की गाडीतल्या बायाही हसायला लागल्या.

"म्हंजे घड्याळ पुढं न्हाई! सूर्यच इकडं आधी येतो!" ती ओरडली. "फोन लावा. यांना फोन लावा!"

पडद्यावर तातेराव आला. म्हणजे आधी नुसता अंधार आला, त्यात शेकोटीचा लाल ठिपका, मग कानटोपी आणि मग मिशा.

"काय झालं? बरी हायस ना?"

"तुमच्याकडं सूर्य उगवला का?"

"येडी का काय? तारे हायेत अजून."

बेबीनंदानं फोन उलटा केला आणि सूर्यावर धरला. पिंपळगावच्या त्या अंगणात मिशा पडद्याच्या आणखी जवळ आल्या.

"हा आपलाच?" तातेरावानं विचारलं.

"आपलाच. एका तासात तुमच्याकडं येऊन राह्यला. मी पाहून घेतला, चांगला हाय. पाठवून देते!"

मागून उषाबाईचा आवाज आला, "जल्दी पाठव म्हनावं, लई थंडी हाय!"

गाडी निघाली. शिवाराच्या कडेला एक छोटं बुद्धमंदिर होतं. बाया तिथं उतरल्या, हॅट काढल्या, हात जोडले आणि वंदना म्हणायला लागल्या. सूर वेगळा होता, शब्दांची टोकं वेगळी होती. तरी दुसऱ्याच शब्दाला बेबीनंदाचे हात आपोआप जुळले. ही तर आपली पाली. लहानपणापासून विहारात दर पौर्णिमेला म्हटलेली. ती मागे उभी राहून आपल्या चालीत म्हणू लागली. पुढच्या रांगेतल्या माना एकेक करून वळल्या. वंदना कोणी थांबवली नाही, पण शेवटपर्यंत वीसही जणी मागं पाहून म्हणत होत्या. संपल्यावर एक ठेंगणी, गोल चेहऱ्याची, तिच्याच वयाची बाई पुढं आली, छातीवर हात ठेवून म्हणाली,

"प्राणी."

"काय?"

"प्राणी," बाई पुन्हा म्हणाली आणि गोड हसली.

बेबीनंदानं ओठ घट्ट मिटले. पाहुण्यांकडे हसू नये, हे तिला कळत होतं. पण ते काही आवरलं नाही, नाकातून फुटलं. "हिचं नाव प्राणी हाय, ताई!"

तिथल्या कंपनीतली इंग्रजी येणारी एक मुलगी दोन्हीकडचं सांगत होती. तिनं गंधालीला समजावलं की त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ दयाळू. मग प्राणीनं विचारलं, पाहुणीचं नाव काय? बेबीनंदानं स्वतःकडे बोट केलं. "बेबी." एवढं इंग्रजी त्या वीसही जणींना येत होतं. चव्वेचाळीस वर्षांची, सहा वारी साडीतली ही बेबी पाहून प्राणी रस्त्यावरच बसली, दुसरीनं तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं, आणि ओळखपाळख जी झाली ती अशी झाली.

शेडनेटमध्ये गेल्यावर मात्र बेबीनंदा गंभीर झाली. झाडं निरोगी होती. बाया नीट काम करत होत्या; हात हलके, नजर पक्की. तरी सरीत लाल दोऱ्याच्या गळालेल्या कळ्यांचा सडा पडलेला. तिनं विचार केला, चुकतंय कुठं? मग तिला एक चिमटा देण्यात आला. नवा, चकचकीत, सगळ्यांना दिलेला तोच. तिनं पहिली कळी धरली आणि लगेच सोडली. दुसरी धरली. तिसरी उघडून उन्हाकडे केली. मधल्या काडीवर बारीक काळपट वण उठला होता.

"ताई," ती हळूच म्हणाली, "माझ्या हातूनबी तेच हून राह्यलंय."

ती पायरीवर जाऊन बसली. चिमट्याची टोकं नखावर फिरवून पाहिली. जाड होती, आणि आतल्या अंगाला कोर होती. या चिमट्यानं कळी धरायची म्हणजे सांडशीनं मोती उचलायचा. तिचा स्वतःचा चिमटा एकोणीस वर्षांत झिजून झिजून बरोबर झाला होता. त्यामुळे नव्या चिमट्याचा हा दोष तिला कधी दिसलाच नसता. तिचा तो जुना चिमटा मुंबईच्या डब्यात राहिला नसता, तर तिनं त्यानं हजार कळ्या करून दाखवल्या असत्या, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या, आणि ती निघून गेल्यावर इथल्या कळ्या तशाच गळत राहिल्या असत्या.

पायरीचा दगड खरखरीत होता. तिनं त्यावर थोडं पाणी टाकलं आणि चिमटा घासायला घेतला. घास, नखावर फिरव, पुन्हा घास. अर्धा तास. वर पाहते तो वीस बाया अर्धगोलात बसलेल्या. प्रशिक्षण सुरू झालं असं समजून त्या एकाग्रतेनं पाहत होत्या. दोघींनी तर वहीत चित्रही काढलं होतं. प्राणीनं आपला चिमटा पुढं केला आणि भुवया उंचावल्या: माझाही?

"तुझाबी," बेबीनंदा म्हणाली. "समद्यांचे आणा!"

दुसऱ्या दिवशी प्रत्येक बाई घरून एकेक दगड घेऊन आली. कोणी वरवंट्याएवढा, कोणी मुठीएवढा. एकीनं सासऱ्याचा कोयत्याला धार लावायचा दगड पळवून आणला होता आणि सासरा तिच्या मागोमाग सायकलवर आला होता. सकाळभर नुसती खरखर. गंधालीनं व्हिडिओ काढून जालन्याच्या साहेबांना पाठवला, तर त्यांनी विचारलं, "हे क्रॉसिंगच चाललंय ना?"

सहाव्या दिवशी गंधालीनं सरीत बसून मोजणी केली. आधी शंभरातल्या तीस कळ्या टिकायच्या. आता एकाहत्तर. तिनं आकडा दोनदा तपासला आणि मग बेबीनंदाला मिठी मारली, तेव्हा प्राणीनंही मारली, मग बाकीच्यांनी मारली, आणि एका झाडाची फांदी मोडली. प्राणीनं फांदीपुढं हात जोडून माफी मागितली.

निघताना प्राणीनं आपली हॅट काढून बेबीनंदाच्या डोक्यावर ठेवली. तीच घालून ती विमानात बसली आणि मुंबईपर्यंत काढली नाही. उतरल्यावर मनगटावर पाहिलं तर एक वाजून दहा. दीड तास जागच्या जागी होता. गावाकडची गाडी संध्याकाळची, म्हणून त्या दीड तासाचं काय करायचं असं गंधालीनं विचारलं. बेबीनंदा म्हणाली, "काईच न्हाई करायचं. फुकटाचा हाय. बसू नुसतं." आणि विमानतळाबाहेरच्या कठड्यावर पाय हलवत, थाई हॅट घालून, ती दीड तास येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाहत बसली. हंगामात काय, एरवीही तिला इतका वेळ नुसतं बसल्याचं आठवत नव्हतं.

ऑगस्टात, मिरचीला कळ्या लागल्या तेव्हा, कंपनीनं प्राणीला आणि आणखी एकीला इकडं बोलावलं. तातेरावानं जीप दोनदा धुतली. "प्राणी येऊन राह्यली," बेबीनंदानं गावात सांगितलं. अप्पाराव काठी घेऊन बाहेर आले. "कोणता? बिबट्या का?"

संभाजीनगरच्या विमानतळावरून तातेराव दोघींना घेऊन आला तो विजयी चेहऱ्यानं. वाटेत भाषेवाचून त्यांचं काय बोलणं झालं कोणाला कळलं नाही, पण प्राणी उतरली ती "भोकरदन, भोकरदन" म्हणत. जेवायला ठेचा केला होता. उषाबाईनं खुणेनं बजावलं: थोडा घ्या, जाळ हाय. प्राणीनं चमचाभर तोंडात टाकला, विचार केला, मान हलवली आणि पिशवीतून आपली पुडी काढून वरून आणखी तिखट भुरभुरलं. उषाबाई मटकन खाली बसली.

दुसऱ्या दिवशी शेडनेटात दोघींची शर्यत लागली. शेजारशेजारच्या दोन सऱ्या, एक तास. बाया दोन्हीकडून ओरडत होत्या, तातेरावानं जीपच्या फेऱ्या बंद ठेवल्या होत्या आणि घड्याळ गंधालीच्या हातात होतं. तिनं हात वर केला. मोजणी झाली. एकोणीस कळ्यांनी प्राणी पुढं.

बेबीनंदानं प्राणीच्या सरीतल्या तीन-चार कळ्या उन्हाकडे धरून पाहिल्या. एकीवरही वण नव्हता. तिनं त्या सोडल्या, कमरेवर हात ठेवले, आणि शेडनेटचं कापड हलेल एवढ्या मोठ्यानं हसली.

"प्राण्यानं हरवलं मला!" ती म्हणाली. "चला, भाकरी खाऊ. दुपारून पुन्हा लावू."